न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : छायाचित्रामागचे आयुष्य



राष्ट्रीय सभेच्या सुरुवातीच्या अध्यक्षांची छायाचित्रे जुन्या पुस्तकांत एका ओळीने छापलेली आढळतात. पहिले उमेशचंद्र बॅनर्जी, दुसरे दादाभाई नवरोजी, आणि तिसऱ्या चौकटीत फेटा बांधलेले, भरघोस दाढीचे, गंभीर चेहऱ्याचे एक गृहस्थ. खाली एवढेच लिहिलेले असते : बद्रुद्दीन तय्यबजी, मद्रास, १८८७. परीक्षेपुरते नाव आणि साल पाठ करायचे आणि पान उलटायचे, अशी आपली रीत पडून गेली आहे. आज मात्र आपण त्या तिसऱ्या चौकटीपाशी जरा थांबावे, अशी माझी विनंती आहे. विद्यार्थी मित्रांनी तर थांबावेच, पण पालकांनीही थांबावे. कारण या चित्रातल्या माणसाची कथा त्याच्या वडिलांपासून सुरू होते.

आधी त्या गंभीर चेहऱ्याविषयी. एकोणिसाव्या शतकातील थोर पुरुषांची छायाचित्रे पाहिली की मुले विचारतात, ही माणसे कधी हसतच नव्हती काय? हसत होती; पण त्या काळी छायाचित्र काढून घेणे म्हणजे एक कामच होते. कॅमेऱ्यासमोर काही सेकंद पापणी न हलवता बसावे लागे. मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी टेकू लावीत. हसरा चेहरा इतका वेळ टिकत नाही, गंभीर टिकतो. शिवाय छायाचित्र आयुष्यात थोड्याच वेळा निघायचे, तेव्हा पुढच्या पिढ्यांनी आपल्याला कसे पाहावे याचा विचार करूनच माणूस खुर्चीवर बसत असे.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे. लाकडाच्या झोपडीत जन्मलेल्या या माणसाचे शाळेतले शिक्षण सगळे मिळून वर्षभराचेही भरत नाही. उरलेले त्याने स्वतः पुस्तके मिळवून पुरे केले. २७ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्कमध्ये मॅथ्यू ब्रेडी या छायाचित्रकाराने त्यांचे उभे छायाचित्र काढले. त्याच दिवशी त्यांचे तेथे मोठे भाषण झाले. पुढे निवडणुकीत त्या छायाचित्रावरून केलेली चित्रे गावोगाव पोहोचली आणि ज्यांनी लिंकनना कधी पाहिले नव्हते त्यांनाही ते ओळखीचे झाले. त्या चित्रात दाढी नाही. त्याच वर्षी अकरा वर्षांच्या एका मुलीने पत्र लिहून त्यांना कळविले की तुमचा चेहरा फार बारीक दिसतो, दाढी राखलीत तर बरे दिसाल. लिंकननी तिला उत्तर पाठविले आणि पुढे खरोखरच दाढी राखली. आज आपण जो लिंकन ओळखतो तो दाढीवाला. लहान मुलीचे म्हणणे ऐकून घेणारा राष्ट्राध्यक्ष, ही गोष्ट मला त्यांच्या अनेक मोठ्या गोष्टींइतकीच मोलाची वाटते.

हे अमेरिकेचे पुराण येथे सांगण्याचे कारण आहे. १८६० हेच ते वर्ष, ज्या वर्षी मुंबईचा एक कोवळा मुलगा समुद्र ओलांडून लंडनच्या शाळेत दाखल झाला. आणि लिंकनच्या कारकिर्दीत अमेरिकेत जे यादवी युद्ध पेटले, त्यामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबई रातोरात श्रीमंत झाली आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच रातोरात बुडाली. शेअरच्या धुंदीत अनेक मातबर घरे धुळीला मिळाली. त्या चढउताराच्या काळात ज्या बापाने आपली पुंजी मुलांच्या शिक्षणात घातली, त्याची ठेव मात्र बुडाली नाही.

त्या बापाचे नाव मुल्ला तय्यबअली भाईमियां. सुलेमानी बोहरा जमातीचे, मूळ खंबायतचे घराणे, मुंबईत व्यापार. बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. त्या काळी मुसलमान समाजात इंग्रजी शिक्षणाविषयी मोठी धास्ती होती. इंग्रजी शाळेत मुलगा घातला म्हणजे तो दीनापासून गेला, असे म्हणणारे गल्लोगल्ली होते. आणि हा मुल्ला ही पदवी लावणारा, आपल्या धर्माचे सर्व नियम पाळणारा व्यापारी. त्याने एक नव्हे, आपले सगळे मुलगे शिक्षणासाठी युरोपात पाठविले! लोक काय म्हणतील याचा विचार त्यांनी केला नसेल असे नाही, पण तो त्यांनी निर्णायक मानला नाही. आधी मदरशात उर्दू-फारसीचा पाया घातला, नंतर एल्फिन्स्टन संस्थेत इंग्रजी शिकविले, आणि मग परदेशी पाठविले. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. घरचे सोडून परके घ्यावे, असा त्यात विचार नव्हता.

एल्फिन्स्टन संस्थेचा उल्लेख आला म्हणून सांगतो. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाली आणि मुंबईने ती फार लवकर उचलली. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली, तीत डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोक होते. आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतच छायाचित्रणाचा वर्ग उघडला गेला. म्हणजे बद्रुद्दीन ज्या संस्थेत शिकले तिला ही कला नवखी नव्हती. मुंबईच्या त्या पिढीचे चेहरे आज आपल्याला पाहायला मिळतात, त्याचे एक कारण हेही आहे.

बद्रुद्दीन यांचे थोरले बंधू कमरुद्दीन हे १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. असा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. भावाची ही मजल पाहून पंधरा वर्षांच्या बद्रुद्दीनने बॅरिस्टर होण्याचे मनात घेतले. पण मध्येच एक संकट उभे राहिले. त्या मुलाचे डोळे अधू होते. वकिलाचा धंदा म्हणजे कागद, पुस्तके आणि दिव्याखाली वाचन. आणि नेमके डोळेच साथ देईनात. उपचारासाठी त्याला प्रथम फ्रान्सला नेण्यात आले. त्या प्रवासाची आज कल्पना करता येणार नाही. सुवेझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता, तो १८६९ मध्ये खुला झाला. मुंबईहून बोटीने सुवेझला उतरायचे, तेथून आगगाडीने इजिप्तचा वाळवंटी प्रदेश ओलांडून अलेक्झांड्रिया गाठायचे आणि तेथे दुसरी बोट धरायची. दूरच्या मुलाची खुशाली पत्रानेच कळणार, आणि ते पत्रही याच वाटेने आठवड्यांनी यायचे.

लंडनमध्ये हायबरी न्यू पार्क कॉलेजात त्यांचे शिक्षण सुरू झाले. लंडन विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन १८६३ मध्ये त्यांनी मिडल टेंपल या कायद्याच्या संस्थेत नाव घातले. आणि डोळ्यांनी पुन्हा दगा दिला. १८६४ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईला परतावे लागले.

पालक बंधू-भगिनींनो, येथे क्षणभर आपल्या घराकडे पाहा. आपल्या लाखांदूरच्या भागात, वैनगंगा आणि चुलबंदच्या काठच्या या धानाच्या मुलुखात, कायदा किंवा डॉक्टरी शिकायची म्हटली की पोराला घरापासून दूरची वाट धरावी लागते. घरचा एखादा मुलगा वर्ष-दोन वर्षांनी प्रकृतीमुळे किंवा नापास होऊन घरी परतला की आपण काय म्हणतो? शिक्षण त्याच्या नशिबातच नव्हते, आता दुकानावर बसव, शेतीवर लाव. तय्यबअलींच्या घरी तर भरल्या पेढीचा व्यापार होता. वीस वर्षांच्या, अधू डोळ्यांच्या मुलाला गादीवर बसविणे सर्वांत सोपे होते आणि त्याबद्दल कोणी नावे ठेवली नसती. तसे झाले नाही. जवळजवळ एक वर्ष विश्रांती घेऊन, १८६५ च्या अखेरीस बद्रुद्दीन पुन्हा त्याच लांबच्या वाटेने लंडनला गेले. एप्रिल १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईला परतून त्यांनी उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. मुंबईच्या उच्च न्यायालयातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. तोवर तेथले सारे बॅरिस्टर गोरे असत. अशा ठिकाणी तेवीस वर्षांचा एक हिंदी तरुण उभा राहतो, तेव्हा त्याच्याकडे खटला घेऊन येण्याचे धाडस हिंदी अशीलही चटकन करीत नाही. तरीही काही वर्षांतच त्यांची गणना मुंबईच्या आघाडीच्या वकिलांत होऊ लागली.

सार्वजनिक कामांची यादी मोठी आहे, ती मी थोडक्यात आटोपतो. १८७३ मध्ये ते मुंबई महानगरपालिकेवर निवडून आले. १८७५ पासून १९०५ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, ते मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर होते. १८८२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलवर त्यांची नेमणूक झाली, पण १८८६ मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी ती जागा सोडली. हिंदी न्यायाधीशांना गोऱ्यांचे खटले चालविता यावेत यासाठी आलेल्या इल्बर्ट बिलाच्या बाजूने १८८३ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये जी सभा भरली तीत ते बोलले. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याबरोबर त्यांनी मुंबई प्रांतिक संघ स्थापिला. एक पारशी, एक महाराष्ट्रीय हिंदू, एक बोहरा मुसलमान. तिघेही कायद्याचे पंडित. मुंबईच्या सार्वजनिक जीवनाची धुरा त्या काळी या तिघांच्या खांद्यावर होती असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पण मला विस्ताराने सांगायचे आहे ते अंजुमन-ए-इस्लामविषयी. १८७४ मध्ये बद्रुद्दीन, त्यांचे बंधू कमरुद्दीन, कोकणी मुसलमानांचे पुढारी नाखुदा मुहम्मद अली रोगे, मुन्शी गुलाम मुहम्मद आणि इतर काही गृहस्थ यांनी मुंबईत ही संस्था सुरू केली. यात एक गोष्ट विशेष आहे. बोहरा, कोकणी, उत्तरेकडून आलेले, असे निरनिराळ्या जमातींचे लोक एका कामासाठी एकत्र बसले. प्रत्येक जमातीची मशीद वेगळी, कब्रस्तान वेगळे, लग्नव्यवहार वेगळे. शाळा मात्र एक. १८८० मध्ये पहिली शाळा उघडली. सुरुवातीला बद्रुद्दीन संस्थेचे चिटणीस होते आणि १८९० पासून मृत्यूपर्यंत अध्यक्ष. सभा भरवून ठराव करणे सोपे असते. पण उच्च न्यायालयात दिवसभर उभे राहून आल्यावर शाळेचा हिशेब तपासणे, शिक्षक मिळविणे, सरकारकडे जागेसाठी आणि अनुदानासाठी अर्ज करणे, श्रीमंतांच्या दारी देणगीसाठी जाणे, हे काम वर्षानुवर्षे करायला वेगळ्याच मातीचा माणूस लागतो. ज्यांनी कुठल्याही लहान गावात शिक्षणसंस्था चालविली आहे त्यांना हे निराळे सांगायला नको.

आता त्या छायाचित्राखालच्या सालाकडे येऊ. डिसेंबर १८८७, मद्रास. राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनास, १८८५ मध्ये मुंबईत, बहात्तर प्रतिनिधी होते. त्यांत मुसलमान केवळ दोन. मद्रासला सहाशेवर प्रतिनिधी जमले आणि त्यांत मुसलमान सुमारे ऐंशी होते. अध्यक्षपदी बद्रुद्दीन तय्यबजी. आणि त्याच दिवसांत, २८ डिसेंबर १८८७ रोजी, लखनौ येथे सर सय्यद अहमद खान यांनी भाषण करून मुसलमानांनी या सभेपासून दूर राहावे असा सल्ला दिला. सर सय्यद म्हणजे अलिगढच्या महाविद्यालयाचे संस्थापक, मुसलमानांच्या आधुनिक शिक्षणाचे अग्रणी. त्यांच्याविषयी बद्रुद्दीनना आदरच होता. म्हणजे हा वाद शिकलेला आणि अडाणी यांच्यातला नव्हता, की देशभक्त आणि देशद्रोही यांच्यातलाही नव्हता. समाजाने शिकले पाहिजे याविषयी दोघांचे एकमत. पण शिकत असताना देशाच्या कारभारात सर्वांबरोबर बसायचे की आधी शिकून मग बसायचे, यावर मतभेद.

१८८८ च्या प्रारंभी दोघांत जाहीर पत्रव्यवहार झाला. बद्रुद्दीन यांचे म्हणणे साधे होते. जे प्रश्न साऱ्या हिंदी लोकांचे आहेत त्यांत मुसलमानांनी सर्वांच्या खांद्याला खांदा लावला पाहिजे. आणि एखादा प्रश्न मुसलमानांना अहितकारक वाटला तर बाहेर राहून ओरडण्यापेक्षा आत राहून तो अडविला पाहिजे. सर सय्यदना ते पटले नाही. त्यांना भीती होती ती संख्येची आणि मागासलेपणाची. त्यांची भीती निराधार होती असे म्हणून तिला झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. तिचे उत्तर बद्रुद्दीन यांना द्यावे लागले, आणि ते त्यांनी शब्दांनीच नव्हे तर नियमाने दिले. एखाद्या विषयास हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकजात वा जवळजवळ एकजात विरोध असेल तर तो विषय सभेत घेऊ नये, असा नियम त्यांच्या आग्रहाने झाला. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात तो ठरावाच्या रूपाने मान्य करण्यात आला.

याच काळातली आणखी एक गोष्ट चरित्रकार पुष्कळदा गाळतात, ती मी मुद्दाम सांगतो. मुसलमान समाजातला विरोध वाढत चाललेला पाहून बद्रुद्दीन यांनी १८८८ मध्ये अॅलन ह्यूम यांना लिहिले की सभेचे काम निदान पाच वर्षे स्थगित ठेवावे. ज्याने आदल्या वर्षी अध्यक्षपद भूषविले त्यानेच हा सल्ला द्यावा! तो मानला गेला नाही, आणि न मानला गेला हे बरेच झाले असे मला वाटते. पण त्यावरून त्या माणसाची ओढाताण कळते. सभा त्यांना प्रिय होती. पण जिच्यातून आपला समाज बाहेर राहील ती सभा त्यांना अपुरी वाटत होती. छायाचित्रातल्या त्या गंभीर चेहऱ्यावर ही ओढाताण शोधायला जाऊ नका, ती तेथे दिसणार नाही. कॅमेऱ्यासमोर बसताना माणूस असल्या गोष्टी घरी ठेवून येतो.

जून १८९५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्या न्यायालयात या पदावर बसणारे ते पहिले मुसलमान. न्यायमूर्ती म्हणून त्यांचा एक निर्णय महाराष्ट्राने कधीही विसरू नये. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा कहर झाला, प्लेगचे अधिकारी रँड यांचा खून झाला, आणि सरकारने लोकमान्य टिळकांवर केसरीतील लेखनाबद्दल राजद्रोहाचा खटला भरला. वातावरण इतके तापलेले की टिळकांना जामीन मिळेना. खालच्या न्यायालयाने नाकारला, उच्च न्यायालयानेही एकदा नाकारला. मग बॅरिस्टर दिनशा दावर यांनी न्यायमूर्ती तय्यबजी यांच्यासमोर पुन्हा अर्ज केला आणि ऑगस्ट १८९७ मध्ये तय्यबजी यांनी टिळकांना जामिनावर सोडले.

विद्यार्थी मित्रांनो, जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. आरोपी खटल्याच्या दिवशी हजर राहील की पळून जाईल, हा तेथे मुख्य प्रश्न असतो. टिळक पळून जाणाऱ्यांतले नव्हते, हे सरकारलाही ठाऊक होते. गुन्हा शाबीत होण्यापूर्वीच शिक्षा भोगायला लावू नये, एवढाच या निर्णयाचा अर्थ. पण गोऱ्या सरकारच्या नोकरीत, सगळे अँग्लो-इंडियन पत्रकार टिळकांच्या नावाने बोटे मोडत असताना, हा साधा नियम लागू करायलाही पाठीला कणा लागतो. शिवाय राजकारणात टिळकांचा मार्ग आणि बद्रुद्दीन यांचा मार्ग वेगळा होता. न्यायासनावर बसल्यावर त्यांनी ते अंतर मोजले नाही. पुढे सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर खटला चालून टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. आणि दैवाचा खेळ असा, की ज्या दावरांनी जामिनासाठी रदबदली केली तेच पुढे न्यायमूर्ती झाले आणि १९०८ मध्ये त्यांनीच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. एकाच खुर्चीवर निरनिराळी माणसे कशी बसतात, याचा हा नमुना.

१९०२ मध्ये काही काळ ते मुंबईचे हंगामी मुख्य न्यायमूर्ती होते. त्या आसनावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ.

आता मुलींविषयी. हा भाग मातांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. तय्यबजी घराण्यात एक सुंदर रिवाज होता. घरात मोठ्या वह्या ठेवलेल्या असत आणि त्यांना अखबार म्हणत. घरातल्या घडामोडी, प्रवास, आजारपण, पाहुणे, मनात आलेले विचार, हे सारे घरातल्या माणसांनी त्यांत लिहायचे. आणि लिहिणाऱ्यांत बायका आणि मुलीही असत. ज्या काळी पुष्कळ घरांत मुलीच्या हाती लेखणी देणे धोक्याचे समजत, त्या काळी या घरात मुली घरचा वृत्तांत लिहीत होत्या. यास पैसा लागत नाही. एक वही लागते आणि लिहू देण्याची इच्छा लागते.

बद्रुद्दीन आणि त्यांच्या पत्नी राहतुन्नफ्स यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले आणि १९०४ मध्ये दोन मुलींना इंग्लंडमधील हॅसलमियर येथे निवासी शाळेत पाठविले. वडिलांनी मुलगे पाठविले होते, मुलाने मुली पाठविल्या. एक पिढी किती पुढे सरकते ते यावरून दिसते. घरी जे केले तेच ते बाहेर बोलत. डिसेंबर १९०३ मध्ये मुसलमानांच्या अखिल भारतीय शिक्षण परिषदेचे अधिवेशन मुंबईत भरले, त्याचे अध्यक्ष बद्रुद्दीन होते. ही परिषद स्थापिली होती सर सय्यद अहमद खान यांनीच, १८८६ मध्ये! सर सय्यद १८९८ मध्ये वारले होते. ज्यांच्याशी जाहीर वाद झाला त्यांच्याच व्यासपीठावरून बद्रुद्दीन मुलींच्या शिक्षणाविषयी बोलले, आणि धर्म सांगतो त्यापलीकडे वाढत गेलेल्या कडक पडद्याविषयीही त्यांनी आपले मत लपविले नाही. सर्वांना ते रुचले असेल असे नाही. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती म्हणून त्यांना गप्प राहूनही मान मिळालाच असता.

१९०६ मध्ये रजा घेऊन ते इंग्लंडला गेले. ज्या शहरात अधू डोळ्यांनी कायद्याचा अभ्यास केला, त्याच लंडनमध्ये १९ ऑगस्ट १९०६ रोजी हृदयविकाराने त्यांचे एकाएकी निधन झाले. वय बासष्टही पुरे नव्हते. त्यांचे पुतणे अब्बास तय्यबजी हेही न्यायाधीश झाले आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात, गांधीजींना अटक झाल्यावर, धारासणाच्या मोर्चाचे नेतृत्व करताना वयाच्या शहात्तराव्या वर्षी पकडले गेले. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

बद्रुद्दीन यांचे छायाचित्र पुस्तकात सापडते, पण त्यांच्या कामाची खूण पाहायची असेल तर मुंबईला जावे लागेल. वडशाहून गोंदियाला जाणारी गाडी धरा, गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा, आणि मोठ्या दरवाजातून बाहेर येऊन रस्त्यापलीकडे नजर टाका. घुमट आणि कमानींची एक जुनी दगडी इमारत दिसेल. १८९० मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांनी तिची कोनशिला बसविली आणि १८९३ मध्ये लॉर्ड हॅरिस यांनी तिचे उद्घाटन केले. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा. संस्थेच्या आता बालवर्गापासून महाविद्यालयांपर्यंत अनेक शाखा आहेत, मुलींच्या शाळाही आहेत. सकाळच्या वेळी गेलात तर स्टेशनातून येणाऱ्या गर्दीतून दप्तरे सावरीत मुले त्या फाटकात शिरताना दिसतील.